जिन्यातला खोटा उजेड

न बांधलेलं घर लोकांना दाखवायचं, हे माझं काम. नंदुरबारात आमच्या घराच्या खाली अब्बांचा सुतारकामाचा कारखाना आहे आणि वरच्या मजल्यावर माझी खोली. खालून दिवसभर रंध्याचा आणि कटरचा आवाज येतो, वर माझा लॅपटॉप आणि खिडकीला जाड काळा पडदा. पडदा उघडा राहिला की स्क्रीनवरच्या सावल्या फिकट दिसतात, म्हणून मी भर दुपारी अंधारात बसून घरांमध्ये ऊन पाडते. अम्मीला हे कधीच पटलं नाही. डोळे जातील, एवढंच ती म्हणते.

आयटीआयमध्ये नकाशे काढायला शिकले, मग दोन वर्षं सुरतेत मावशीकडे राहून एका ऑफिसात काम केलं. तेव्हा एका खोलीचं एक चित्र तयार व्हायला तासभर लागायचा. मशीन तापायचं, पंखा घोंघावायचा, आणि शेवटी चित्र आलं की कळायचं की सोफ्याची सावली उलट्या बाजूला पडली आहे. आता तसं राहिलं नाही. आता मी नकाशा उभा केला की तिथल्या तिथे उजेड पडतो. तारीख टाकायची, वेळ टाकायची, गाव टाकायचं. सूर्य बरोबर त्या जागी येतो. घड्याळाचा काटा ओढावा तसा सूर्य ओढता येतो, आणि खिडकीतून आलेलं ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढतं. लाल भिंतीवर पडलं तर समोरची पांढरी भिंत किंचित लालसर होते. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी अब्बांना वर बोलावलं होतं. ते हातावरचा भुसा झटकत आले, बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले की लाकडाच्या रेषासुद्धा खऱ्या वाटतात.

हे सगळं सांगायचं कारण, त्या सॉफ्टवेअरमध्ये खरं ऊन जितकं सोपं आहे तितकाच खोटा उजेडही सोपा आहे. एक चौकोनी दिवा असतो. तो हवेत कुठेही टांगता येतो. त्याच्या सेटिंगच्या चौकोनात एक बारीकशी खूण काढून टाकली की दिवा दिसेनासा होतो, उजेड मात्र राहतो. आमच्या धंद्यात सगळेच तो वापरतात. कोपरा काळा दिसायला लागला की एक दिवा टांगायचा, चित्र गोड होतं, गिऱ्हाईक खूश होतं. मीही वापरायचे. त्यात काही वाईट आहे असं मला वाटत नव्हतं.

सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठच्या एका गावातून एक गुरुजी आले होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. घरची बागायती शेती, मुलगा सुरतेत नोकरीला. गावातली जुनी जागा मोकळी करून त्यांना दोन मजली घर बांधायचं होतं. दारं-खिडक्या अब्बाच करणार होते. अब्बांनीच त्यांना वर माझ्याकडे पाठवलं. गुरुजी शुद्ध मराठीत, एकेक शब्द सुटा करून बोलत. माझ्यासारख्या मुलीलाही अहो-जाहो करत. मला ते आवडलं आणि त्याचं थोडं दडपणही आलं.

जागा अरुंद आणि लांब होती. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या, म्हणजे उजेड यायचा तो फक्त पुढून आणि मागून. जिना मधोमध येत होता. मी जिन्याच्या शेजारी वरपर्यंत उघडी अशी एक लहान चौकट ठेवली होती, आभाळाचा उजेड सरळ खाली तळमजल्यापर्यंत यावा म्हणून. पहिल्या नकाशात सगळं ठीक होतं. मग मुलाचा फोन आला. त्याला स्वयंपाकघराला लागून कोठीची खोली हवी होती, आणि वरच्या मजल्यावर त्याची स्वतःची खोली मोठी हवी होती. एवढी जागा एकाच ठिकाणाहून निघत होती. चौकट गेली.

नकाशा बदलून मी सूर्य ओढून पाहिला. सकाळ, दुपार, संध्याकाळ, मार्गशीर्ष, वैशाख. जिना काळाच राहिला. पायऱ्यांच्या कडाही दिसत नव्हत्या. गुरुजी आणि त्यांच्या पत्नी, काकू, दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होते. मी मुलाला फोन करून सांगितलं की जिन्यात उजेड राहत नाही. तो म्हणाला बल्ब लावू, त्यात काय. मलाही वाटलं, त्यात काय. पण बल्ब दाखवला की भर दुपारी बल्ब का लागतो असं गुरुजी विचारणार, मग पुन्हा चौकट, पुन्हा मुलाचा फोन. मी जिन्याच्या वर एक चौकोनी दिवा टांगला, त्याचा रंग आभाळासारखा किंचित निळसर ठेवला, आणि तो अदृश्य करून टाकला.

इतका सुंदर जिना मी तोपर्यंत काढला नव्हता. उजेड वरून अलगद पायऱ्यांवर उतरत होता आणि प्रत्येक पायरीखाली एक पातळ सावली होती.

काकूंना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ठेंगणी, सावळी बाई, डोक्यावर पदर, एका डोळ्याचं बुबुळ दुधाळ. त्या डोळ्याने कित्येक वर्षं दिसत नव्हतं. दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि त्यांचं सगळं जग त्या एका डोळ्यावर होतं. त्यांनी पडवी पाहिली, ओटा पाहिला, फारसं बोलल्या नाहीत. जिना आला तशा खुर्चीतून पुढे सरकल्या. एक हात स्क्रीनच्या काचेवर ठेवला, पायऱ्यांवरून बोट वर नेलं आणि गुरुजींकडे न बघता मला अहिराणीत म्हणाल्या, "हाऊ जिना मी चढसू. अठे उजेड शे."

गुरुजींनी मला समजावून सांगितलं. जुन्या घरात गच्चीवर जायचा जिना अंधारा होता, म्हणून काकू चारेक वर्षांत गच्चीवर गेल्या नव्हत्या. मिरच्या, पापड, कुरडया, सगळं दुसऱ्यांनी वर न्यायचं आणि काकूंनी खालून विचारायचं, वाळलं का. नव्या घरात त्यांना फक्त तेवढं हवं होतं. काकू मान हलवत होत्या. त्या वेळी मी बोलायला हवं होतं. मी माउस फिरवत राहिले. गुरुजी म्हणाले, हाच नकाशा पक्का, आणि त्या जिन्याचं एक मोठं रंगीत चित्र छापून द्या, काकूंना घरी लावायचं आहे.

पाया झाला, खांब उभे राहिले. मी दुसऱ्या कामांत होते. मधेच कधीतरी मिस्त्रींना एक माप हवं होतं म्हणून मी ती फाइल उघडली. डाव्या बाजूला यादी असते, घरातल्या प्रत्येक वस्तूची. खिडकी एक, खिडकी दोन, ओटा, पायऱ्या. त्या यादीत दिव्याचं नाव दिसलं. मी त्याच्यावर बोट ठेवून तो बंद केला.

जिना क्षणात विझला. मी पुन्हा चालू केला, पुन्हा बंद केला, शेवटी चालूच ठेवला. खाली अब्बांचा कटर चालू होता. तोपर्यंत ते माझ्यासाठी एक चित्र होतं. त्या क्षणी मला कळलं की तापीच्या काठावर लोक ते चित्र विटा आणि सिमेंटमध्ये बांधत आहेत, आणि त्यातली एकच गोष्ट त्यांना बांधता येणार नाही.

मी कुणालाच सांगितलं नाही. कशाची भीती वाटत होती ते आज नीट सांगता येतं. गुरुजींच्या सभ्यपणाची वाटत होती. ते ओरडले असते तर सोपं गेलं असतं. अब्बांची वाटत होती, कारण त्या गावात त्यांची तीस वर्षांची ओळख होती आणि माझं नाव त्यांच्या नावावर चालत होतं. आणि सुतारांची पोर कॉम्प्युटरवर बसून लोकांना फसवते, ही गोष्ट बाजारात पसरायला एक दिवसही लागला नसता. मी स्वतःला सांगत राहिले की बल्ब लावतील. मग वाटायचं, लाइट गेली तर? काकू पापडांनी भरलेलं सूप घेऊन मधल्या पायरीवर असतील आणि लाइट जाईल. हे चित्र मला दिवसाउजेडी, भाजी चिरताना, रिक्षात बसलेली असताना दिसायला लागलं. गुरुजींचा नंबर फोनवर दिसला की दोन-तीन रिंग झाल्यावरच मी तो उचलायचे. बहुतेक वेळा ते फक्त टाइलचा रंग विचारत.

अब्बा चौकटींची मापं घ्यायला साइटवर गेले आणि दुपारी परत आले. जेवताना सहज म्हणाले की जिन्यात एवढा अंधार आहे की टेप वाचायला मोबाइलची बॅटरी लावावी लागली, तेही अकरा वाजता. मी पाणी प्यायले. अब्बा म्हणाले, "नक्शे में तो वहां उजाला था." मी म्हणाले, अजून प्लास्टर ओलं आहे, रंग लागला की फरक पडेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि परत जेवू लागले. त्यांच्याशी कुणी खोटं बोललं की अब्बा विषय बदलतात, ही त्यांची जुनी सवय आहे. त्यांनी सागवानाच्या भावाचा विषय काढला.

त्यानंतर महिनाभराने गुरुजींचा फोन आला. ते नेहमीसारखं सावकाश बोलले. काकू जिन्यात पडल्या, मनगट मोडलं, प्लास्टर घातलं आहे. उद्या सकाळी तुम्ही या, आणि तो लॅपटॉप सोबत आणा.

मी "हो" म्हणाले आणि फोन ठेवला. लॅपटॉप आणा. म्हणजे त्यांना कळलं होतं.

सकाळची एसटी पकडली. अब्बांना सांगितलं, एक बदल करायचा आहे. बसमध्ये माझ्या शेजारी मेथीच्या जुड्या घेऊन एक बाई बसली होती, ती मला काहीतरी विचारत होती आणि मी नुसती मान हलवत होते. लॅपटॉप मांडीवर घट्ट धरला होता. बसच्या खिडकीतून येणारं ऊन माझ्या हातांवर पडत होतं, सरकत होतं. मी मनात वाक्यं जुळवत होते. सगळेच असं करतात. तुमच्या मुलानेच चौकट काढायला सांगितली. जिन्यात उजेड राहत नाही हे मी त्यांना फोनवर सांगितलं होतं. प्रत्येक वाक्य खरं होतं आणि एकही मला तोंडातून काढता येईल असं वाटत नव्हतं.

ते तेव्हा नव्या घराशेजारी, भावाच्या घरात राहत होते. काकू पलंगावर बसल्या होत्या, हात गळ्यात बांधलेला. त्या काही महिन्यांत अर्ध्या झाल्या होत्या. भिंतीवर माझं चित्र टाचलेलं होतं, तो जिना. गुरुजींनी मला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि म्हणाले की काकूंना तो जिना परत एकदा बघायचा आहे. कागदावरचा नको, त्या दिवशी पाहिला तसा.

मला काही कळेना. मी लॅपटॉप उघडला आणि काकूंच्या मांडीजवळ उशीवर ठेवला. दिवा चालूच होता. काकू वाकल्या. चांगला डोळा काचेच्या अगदी जवळ नेला. बराच वेळ बघत राहिल्या, मग मागे टेकल्या.

"मन्हा डोया गया, पोरी," त्या म्हणाल्या. "अठे उजेड दिखस. घरमा नही दिखत."

मग हळूहळू मला सगळं समजलं, काही गुरुजींकडून, काही काकूंकडून. स्लॅब पडल्यापासून काकू रोज नव्या घरात जाऊन येत होत्या. प्रत्येक वेळी जिना काळा. चित्रात उजेड आहे, शहरातून मशीनने काढलेलं चित्र आहे, ते चुकणार नाही. म्हणजे आपलाच डोळा चुकतोय. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलं होतं की एकदम अंधारल्यासारखं झालं तर लगेच या. ते वाक्य त्यांच्या डोक्यात बसलं होतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. रोज सकाळी उठल्या की त्या चित्रासमोर उभ्या राहत, पायऱ्या मोजत, मग त्या घरात जाऊन जिन्यात उभ्या राहत. शेवटच्या खेपेला उतरताना त्यांना वाटलं जमीन आली. एक पायरी उरली होती. पडल्यावर त्यांनी गुरुजींना खरं सांगितलं. गुरुजी म्हणाले, मलाही तिथे अंधारच दिसतो. काकूंना वाटलं, धीर द्यायला म्हणतात. आणि गुरुजींनाही पुरती खात्री नव्हती. रंग लागल्यावर जिना चित्रासारखा होईल, तेव्हा हिला तो दिसला नाही तर, ही भीती त्यांना आत कुरतडत होती. दोन दिवसांनी मुलाकडे सुरतेला जाऊन डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलं होतं. काकूंनी दोन दिवस धड खाल्लं नव्हतं. त्यांना डॉक्टर काय सांगतील ते ऐकायचंच नव्हतं.

इतके महिने मी माझ्या अब्रूला जपत बसले होते. तेवढ्या काळात ही बाई रोज सकाळी उठून आंधळी होत होती. लाज मला नंतर वाटली. त्या क्षणी पुन्हा भीतीच होती, फक्त तिने कूस बदलली होती: मी आत्ता बोलले नाही तर ही माणसं सुरतेला जातील, डॉक्टर डोळा चांगला आहे म्हणतील, आणि ही बाई त्यावरही विश्वास ठेवणार नाही.

मी बसमध्ये जुळवलेलं एकही वाक्य आठवलं नाही. मी त्यांच्या भाषेत बोलले. लहानपणापासून कारखान्यात येणाऱ्या गिऱ्हाइकांशी तीच बोलत आलेय.

"काकू, तुम्हना डोया चांगला शे. तो उजेड खोटा शे. मी टाकेल व्हता."

मी लॅपटॉप पुढे ओढला आणि यादीतला तो दिवा दाखवला. हा दिवा घरात नाही, म्हणाले, कधीच नव्हता, कुठल्याही खिडकीतून हा उजेड येत नाही. आणि तो बंद केला.

काकूंनी परत डोळा काचेजवळ नेला. मी वाट पाहत होते. त्यांना ह्यातही फरक दिसला नाही तर काय, हा विचार माझ्या मनात तेव्हा पहिल्यांदा आला. त्यांनी बोटाने मला खूण केली, चालू कर. मी केला. बंद कर. मी केला. असं चार वेळा झालं.

"हां," काकू म्हणाल्या. "घरमा असंच दिखस." आणि त्या रडायला लागल्या, आवाज न करता, पदर तोंडाला लावून. गुरुजी उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

मला वाटलं ते आता मला जायला सांगतील. वळले तेव्हा त्यांचा चेहरा शाळेतला झाला होता, समोर मुलगा उभा आहे आणि त्याच्या वहीत दुसऱ्याचं गणित सापडलं आहे असा. त्यांनी विचारलं, "असे दिवे तुम्ही आणखी कुठे कुठे टांगलेत?"

मी सांगितलं, या घरात हा एकच. दुसऱ्या घरांत आहेत. किती, ते मोजलेलं नाही. खोटं बोलायचं राहिलंच नव्हतं.

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले की आता तुमच्या चित्रातल्या सूर्यावरही माझा विश्वास नाही, चला बाहेर. अंगणात बांधकामाची एक सळई पडली होती. ती त्यांनी मातीत सरळ रोवली, ओळंब्याने तपासली आणि सावलीच्या टोकाला एक खडा ठेवला. मला सांगितलं की आजची तारीख आणि आत्ताची वेळ टाका, इथे अशीच सळई उभी करा, सावली किती लांब आणि कोणत्या बाजूला पडते ते दाखवा. उन्हात स्क्रीन दिसेना, म्हणून मी ओढणी डोक्यावरून लॅपटॉपवर घेतली आणि तिच्या आत वाकून बसले. घामाने बोटं घसरत होती. उत्तरेची खूण मी त्या नकाशात मिस्त्रींच्या सांगण्यावरून ठेवली होती. ती चुकली असेल तर सगळंच चुकलं. सावली आली. मी माप वाचलं. गुरुजींनी टेपने मोजलं. दोन बोटांचा फरक निघाला, आणि दिशा जुळली. ते म्हणाले, जमीन थोडी उताराची आहे, तेवढं चालेल. मग त्यांनी आणखी एक विचारलं, ज्येष्ठात भर दुपारी इथे सावली कुठे पडते. मी तारीख ओढली आणि दचकले, कारण सावली दक्षिणेकडे आली होती. मला वाटलं बिघाड झाला. गुरुजी म्हणाले, बरोबर आहे, त्या दिवसांत सूर्य आपल्या डोक्यावरून जरासा उत्तरेला जातो, मी दरवर्षी मुलांना मैदानात उभं करून दाखवायचो.

त्यानंतर ते थोडे मऊ झाले असं मी म्हणणार नाही. पण ते कामाचं बोलायला लागले. घर खांबांवर उभं होतं, भिंती नुसत्या भरलेल्या. त्या फोडता येत होत्या. गच्चीवर जिना जिथे बाहेर पडतो त्या छोट्या खोलीला फक्त दार होतं. तिच्या पूर्वेच्या आणि उत्तरेच्या भिंतीत झरोके काढायचे, आणि तळमजल्यावरची कोठी काढून तिथे जाळीची भिंत बांधायची, म्हणजे मागच्या दारचा उजेड पहिल्या पायऱ्यांपर्यंत येईल, असं मी सुचवलं. स्क्रीनवर करून दाखवलं, कुठलाही दिवा न लावता. काळा जिना करडा झाला, एवढंच. गुरुजींनी यादी वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचून घेतली, त्यात दिवा नाही याची खात्री केली. मुलाला फोन त्यांनीच लावला. काय बोलले ते मी ऐकलं नाही. मी आत जाऊन काकूंपाशी बसले. त्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात होत्या, डाव्या हाताने.

अब्बांना मी त्याच दिवशी घरी आल्यावर कारखान्यात सांगितलं. ते पॉलिश करत होते. ऐकता ऐकता हात थांबला नाही. शेवटी म्हणाले की मला जेवताना त्या दिवशीच कळलं होतं, तू कधी बोलतेस ते बघत होतो. ते मला फार लागलं. ते रागावतील म्हणून मी घाबरले होते. ते वाट बघत होते हे त्याहून वाईट होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी झरोक्यांच्या चौकटींसाठी सागाचे चांगले तुकडे बाजूला काढले, जास्तीत जास्त काच मावावी म्हणून कडा बारीक ठेवल्या, आणि मलाच त्या चौकटींना सँडपेपर मारायला बसवलं.

जुन्या फाइली मी एकेक करून उघडल्या. अकरा घरांत खोटे दिवे निघाले. बहुतेक ठिकाणी कोपऱ्यात, कपाटाच्या मागे, जिथे काही बिघडणार नव्हतं. दोन घरांत मात्र बिघडणार होतं. एकात काम सुरू झालं नव्हतं. त्यांना सांगितल्यावर त्यांनी नकाशा दुसऱ्याकडे नेला. दुसऱ्या घरात लोक राहायलाही गेले होते. मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले, त्या घरातल्या बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या की हो, मोरी जरा काळोखी आहे, पण सवय झाली. मी तिथे काही बोलू शकले नाही. ते अजून राहिलं आहे.

चौकटी बसवायला अब्बांबरोबर मीही गेले. काकूंच्या मनगटाचं प्लास्टर सुटलं होतं, हाड थोडं वाकडं जुळलं होतं. सुरतेच्या डॉक्टरांनी डोळा व्यवस्थित असल्याचं सांगितलं होतं, आणि त्या तिथे गेल्या होत्या मनात भीती न ठेवता, असं गुरुजी म्हणाले. माझ्याशी ते आताही अहो-जाहोच बोलत होते, फक्त हसत नव्हते. दहाचा सुमार होता. अब्बांनी शेवटचा स्क्रू पिळला, काच पुसली आणि वरून हाक दिली की झालं.

काकू खाली पहिल्या पायरीशी उभ्या होत्या. मी त्यांच्यामागे. उजेड होता, पण फार नव्हता. पायऱ्यांच्या कडा दिसत होत्या, कोपऱ्यात अजून काळं होतं. त्यांनी एका हाताने भिंत धरली आणि पाय उचलला. मी दोन्ही हात पुढे करून उभी होते. मला वाटत होतं की त्या आत्ता थांबतील, मागे वळतील आणि म्हणतील, नही दिखत. दुसरी पायरी. तिसरी. वळणावर त्या खरंच थांबल्या. त्यांनी भिंतीवरून हात काढला, पदर सारखा केला आणि पुढे गेल्या. त्यांची पावलं वर वाजत गेली, मग गच्चीचं दार करकरलं.

थोड्या वेळाने वरून त्यांचा आवाज आला. ह्या गच्चीवर किती धूळ करून ठेवली, असं त्या अब्बांना बोलत होत्या, आणि मला सांगत होत्या की येताना झाडू घेऊन ये.